श्रीरंगपट्टणचा लिलाव अजून संपलेला नाही

२३ मे २०२३ रोजी लंडनमधील बॉनहॅम्स या लिलावगृहात टिपू सुलतानाची एक तलवार विक्रीस आली. तिची अपेक्षित किंमत १५ ते २० लाख पौंड इतकी सांगितली गेली होती. दूरध्वनीवरून बोली लावणारे दोघे आणि सभागृहात बसलेला एक, अशा तिघांत चुरस लागली आणि आकडा वाढत वाढत, लिलावगृहाची दलाली धरून, १ कोटी ४० लाख ८० हजार ९०० पौंडांवर थांबला. रुपयांत हे सुमारे १४० कोटी होतात. खरेदीदाराचे नाव लिलावगृहाने जाहीर केले नाही.

ही तलवार टिपूच्या खासगी दालनात सापडली होती. तिच्या पात्यावर ‘शमशीर-इ-मलिक’, म्हणजे राजाची तलवार, अशी अक्षरे आहेत. श्रीरंगपट्टणच्या किल्ल्यावर निर्णायक हल्ला चढविणारा मेजर जनरल डेव्हिड बेअर्ड याला त्याच्या शौर्याची खूण म्हणून ती देण्यात आली. हा सारा तपशील लिलावगृहाने लपवून ठेवलेला नव्हता. तो विक्रीच्या जाहिरातीतच अग्रभागी होता. या व्यवहारातील नीतीचा प्रश्न याच ठिकाणी सुरू होतो.

चोरीचा माल विकणारा मनुष्य सर्वसाधारणपणे त्या मालाचा मागचा प्रवास दडवून ठेवतो. टिपूच्या वस्तूंच्या बाजारात याच्या नेमके उलट घडते. वस्तू ४ मे १७९९ रोजी किंवा त्यानंतरच्या दिवसांत श्रीरंगपट्टणातून उचलली गेली, कोणी उचलली, त्याच्याकडून ती कोणत्या घराण्यात गेली, याचे पुरावे जितके पक्के तितकी किंमत अधिक. शिक्कामोर्तब झालेली लूट हेच तेथे अस्सलपणाचे प्रमाणपत्र. ज्या तलवारीबरोबर बेअर्डचे नाव नाही, ती केवळ अठराव्या शतकातील एक सुबक तलवार ठरते. लिलावगृह जितके प्रामाणिक, ग्राहकाला पुरविलेली माहिती जितकी चोख, तितकी त्या जुन्या लुटीची किंमत वाढत जाते.

म्हणून या धंद्यात ‘ग्राहक’ कोण, हे आधी नीट पाहिले पाहिजे. लिलावगृह हे मुळात अडत्याचे दुकान. कायद्याच्या दृष्टीने ते विक्रेत्याचे प्रतिनिधी असते. माल त्याच्या मालकीचा नसतो. विक्रेत्याला चांगला भाव मिळवून देणे, त्याचे नाव गुप्त ठेवणे आणि ठरलेल्या किमान किमतीखाली वस्तू न सोडणे ही त्याची विक्रेत्याप्रति कर्तव्ये. खरेदीदाराला वस्तूचे खरे वर्णन देणे, तिची डागडुजी वा मोडतोड झाली असल्यास ती सांगणे आणि विकणाऱ्याला ती विकण्याचा अधिकार होता याची हमी देणे, ही दुसऱ्या बाजूची कर्तव्ये. आपल्याकडे बाजार समितीत अडत शेतकऱ्याकडून कापायची की व्यापाऱ्याकडून घ्यायची, यावर २०१६ साली महाराष्ट्रात केवढे रण माजले आणि बाजार कसे बंद पडले, हे वाचकांना आठवत असेल. लंडनच्या बड्या लिलावगृहांनी तो प्रश्न १९७५ सालीच आपल्या परीने सोडविला: अडत दोघांकडूनही घ्यायची. विक्रेत्याचे कमिशन होतेच. त्या वर्षापासून खरेदीदाराच्या माथीही जादा टक्केवारी आली, आणि ती आज बहुतेक सौद्यांत पाव हिश्श्याच्या घरात जाते.

दोघांकडून पैसे घेणाऱ्याने दोघांशीही सचोटीने वागावे, ही अपेक्षा नेहमीच पाळली गेली असे नाही. विक्रेत्यांच्या कमिशनचे दर आपापसांत संगनमत करून ठरविल्याबद्दल सदबीज आणि क्रिस्टीज या दोन बलाढ्य संस्थांवर २००० च्या सुमारास अमेरिकेत कारवाई झाली. ग्राहकांचे दावे मिटविण्यासाठी दोघींना मिळून ५१ कोटी २० लाख डॉलर मोजावे लागले आणि सदबीजच्या माजी अध्यक्षांना कारावास भोगावा लागला. फसवणूक झालेला ग्राहक श्रीमंत असतो, वकील नेमू शकतो, म्हणून त्याला न्याय मिळाला. पण ज्या गावातून वस्तू आली ते गाव या व्यवहारात ना विक्रेता ना खरेदीदार. त्याच्या हाती बोलीची पाटी नसते, आणि त्याच्याप्रति काही कर्तव्य आहे असे धंद्याच्या नियमपुस्तकात कोठे लिहिलेले नसते.

ते गाव म्हैसूरपासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर, कावेरीच्या दोन प्रवाहांमधील बेटावर आहे. म्हैसूर पाहायला जाणारा मराठी प्रवासी बहुधा बंगळुरूहून येताना वाटेत तासाभरासाठी तेथे उतरतो. रंगनाथस्वामींचे दर्शन, दर्या दौलत बागेतील भिंतीवरची चित्रे, टिपू जेथे पडला ती जागा, आणि मग थेट चामुंडीची टेकडी. टिपूच्या लाल महालाच्या जागी आज केवळ अवशेष आहेत. महालात काय होते हे पाहायचे असेल तर विंडसर, वेल्समधील पॉविस किल्ला आणि लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय अशी यात्रा करावी लागते.

४ मे १७९९ रोजी किल्ला पडला. त्या रात्री शहर अनिर्बंध लुटले गेले. सोन्याच्या लगडी आणि जडजवाहीर छावणीच्या बाजारात शिपाई मिळेल त्या भावाला विकत होते, असे कर्नल आर्थर वेलस्लीच्या पत्रव्यवहारावरून दिसते. पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. चार वर्षांनी असईच्या रणांगणावर मराठ्यांशी त्याची गाठ पडली. शहराचा ताबा त्याच्याकडे देण्यात आला, आणि किल्ला सर करूनही आपल्याला डावलले म्हणून बेअर्ड कायमचा दुखावला. वेलस्लीने चौघांना फासावर लटकविले, कित्येकांना फटके मारले, तेव्हा शहर शांत झाले.

मात्र लूट थांबली याचा अर्थ इतकाच, की ती आता हिशेबात आली. सैन्याने नेमलेल्या ‘प्राइझ एजंट’ मंडळींनी खजिना, जवाहीर, शस्त्रे, वस्त्रे यांची मोजदाद केली, किमती लावल्या, विकण्याजोगे विकले आणि हुद्द्याप्रमाणे वाटप केले. एकूण रक्कम ११ लाख पौंडांहून अधिक भरली. सेनापती हॅरिसने आठवा हिस्सा, म्हणजे सुमारे १ लाख ४३ हजार पौंड उचलले. हा वाटा वाजवीपेक्षा दुप्पट आहे, असा आक्षेप पुढे कंपनीच्या संचालकांनीच घेतला. गोऱ्या शिपायाच्या पदरात सुमारे सात पौंड पडले, देशी शिपायाच्या पदरात त्याहूनही कमी. त्या काळच्या लष्करी नियमांनुसार हे सर्व कायदेशीर होते, आणि आजच्या लिलावगृहांची विक्री ज्या मालकी हक्कावर उभी आहे, त्याचे मूळ याच वाटपात आहे.

या हिशेबी वाटपाने काय साधले, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे टिपूचे सिंहासन. अष्टकोनी आसन, खाली वाघ, कठड्यावर रत्नजडित आठ व्याघ्रमुखे, वर छत्र आणि छत्रावर हुमा पक्षी. लाकडावर सोन्याचा जाड पत्रा मढविलेला. ते अखंड ठेवावे आणि इंग्लंडच्या राजाला पाठवावे, असे गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीच्या मनात होते. पण त्याचा निरोप पोहोचण्यापूर्वीच एजंटांनी ते फोडून टाकले होते, कारण सोन्याची वाटणी करायची तर तुकडे करणे भाग होते. वाघाचे मोठे मस्तक आणि हुमा पक्षी अखेर राजघराण्याच्या संग्रहात गेले. लहान व्याघ्रमुखे इकडेतिकडे पांगली. एक मद्रासचा गव्हर्नर एडवर्ड क्लाइव्ह याच्या घराण्याच्या पॉविस किल्ल्यात आहे.

टिपूच्या ग्रंथसंग्रहाचे नशीब त्या मानाने बरे. सुमारे दोन हजार हस्तलिखितांतील बराच भाग कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात आणि कंपनीच्या लंडनमधील कचेरीत गेला, आणि १८०९ साली चार्ल्स स्टुअर्ट याने त्याची वर्णनात्मक सूची छापली. पुस्तकांत वितळविण्याजोगे सोने नव्हते, हा त्यांचा फायदा. लाकडी वाघ, जो गोऱ्या शिपायाच्या छातीवर बसून कळ फिरविताच गुरगुरतो, तोही असाच वाचला. १८०८ पासून लंडनमध्ये तो लोकांना दाखविला जाऊ लागला.

येथे मराठी वाचकाने थोडे थांबून स्वतःकडेही पाहावे. १७९१ साली परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या लोकांनी शृंगेरीचा मठ लुटला. मठाच्या पुनर्स्थापनेसाठी टिपूने शंकराचार्यांना मदत पाठविली. त्या संबंधीची त्याची कन्नड पत्रे मठाच्या दप्तरात सापडली आहेत. लूट ही केवळ साहेबाची मिरास नव्हती. फरक इतकाच, की साहेबाने तिची पावती जपून ठेवली आणि दोनशे वर्षांनी ती पावतीच विकायला काढली.

त्या पावतीचा भाव कसा वाढत गेला, हे पाहण्यासारखे आहे. सिंहासनावरील एक व्याघ्रमुख बॉनहॅम्सने २००९ साली ३ लाख ८९ हजार ६०० पौंडांना विकले, दुसरे पुढच्या वर्षी ४ लाख ३४ हजार ४०० पौंडांना. २०१४ साली क्रिस्टीजने टिपूची म्हणून सांगितली जाणारी सोन्याची अंगठी विकली. तिच्यावर देवनागरीत ‘राम’ ही अक्षरे कोरलेली आहेत. दहा-पंधरा हजारांचा अंदाज असताना ती सुमारे १ लाख ४५ हजार पौंडांना गेली. मृत सुलतानाच्या बोटातून ती काढली गेली, अशी तिची कथा. ती कथाच बोली चढवून गेली. २०१५ मध्ये एका खासगी संग्रहातील तीस वस्तूंचे मिळून ६० लाख पौंडांहून अधिक आले. २०१९ मध्ये बर्कशायरमधील एका घराच्या माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली टिपूची बंदूक आणि तलवारी निघाल्या. कंपनीचा एक मेजर थॉमस हार्ट याने त्या नेल्या होत्या. परदेशी गेलेल्या वारशाचा माग काढणाऱ्या ‘इंडिया प्राइड प्रोजेक्ट’च्या स्वयंसेवकांनी विनंती केली, पण लिलाव व्हायचा तो झाला.

आपण या सगळ्याला आजवर काय उत्तर दिले? एक उत्तर होते खासगी देशभक्तीचे. २००३ साली विजय मल्ल्या यांनी लंडनच्या लिलावात टिपूची तलवार घेतली. तिच्याही मालकीच्या इतिहासात बेअर्डचेच नाव होते. पुढच्या वर्षी त्यांनी ते जाहीर केले, तेव्हा देशात आनंदीआनंद झाला. २००९ साली न्यूयॉर्कच्या अँटिकोरम या लिलावगृहात गांधीजींचा चष्मा, चपला, घड्याळ, वाटी आणि थाळी यांसाठी १८ लाख डॉलर मोजणारेही तेच. त्या प्रसंगी विक्रेत्याने ऐनवेळी वस्तू मागे घेण्याची इच्छा व्यक्त केली होती, आणि नवजीवन ट्रस्टच्या अर्जावर दिल्ली उच्च न्यायालयाने मनाईही दिली होती. तरी लिलाव थांबला नाही. पुढे मल्ल्यांची बँकांची कर्जे थकली आणि ते परदेशी गेले. २०१८ साली लंडनच्या न्यायालयात बँकांच्या वकिलांनी तलवारीचा विषय काढला, तेव्हा ती कुटुंबाला अपशकुनी वाटल्याने २०१६ मध्येच कोणाला तरी देऊन टाकल्याचे पुढे आले. ज्या वस्तूला राष्ट्राचा वारसा म्हणून डोक्यावर घेतले, ती धनकोंच्या यादीतील एक बाब झाली, आणि तीही जागेवर नव्हती. खासगी खरेदीदाराने देशावर उपकार केले असे आपण मानतो, तेव्हा त्याने ती वस्तू कोठे ठेवावी हे सांगण्याचा अधिकार आपण गमावून बसलेलो असतो.

दुसरे उत्तर महाराष्ट्राने दिले. २०२५ च्या एप्रिल अखेरीस नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार लंडनमध्ये सदबीजच्या लिलावात आली. युरोपी पाते, मराठी मूठ आणि पात्यावर देवनागरीत सेनासाहेब सुभ्याचे नाव. नागपूरच्या भोसल्यांचा खजिना १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांच्या हाती लागला. तलवारही त्याच वेळी गेली असावी, असा अंदाज आहे. राज्य सरकारने मध्यस्थामार्फत ४७ लाख १५ हजार रुपयांत ती मिळविली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. निर्णय वेगाने झाला, वस्तू सार्वजनिक मालकीत आली, रक्कमही आवाक्यात होती. याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र हे धोरण नव्हे. सरकार ग्राहक म्हणून उतरते आहे, हे एकदा बाजाराला कळले की पुढच्या तलवारीची किमान किंमत त्या हिशेबानेच लागेल. १४० कोटींच्या बोलीसमोर कोणत्याही राज्याच्या सांस्कृतिक खात्याचा निभाव लागणार नाही.

तिसरे उत्तर त्याच वर्षी केंद्राने दिले, आणि माझ्या मते ते अधिक अभ्यासण्याजोगे आहे. १८९८ साली विल्यम पेप्पे या इंग्रज जमीनदाराने उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथील स्तूपातून बुद्धाच्या अस्थींबरोबर काढलेली रत्ने त्याच्या वंशजांनी सदबीजच्या हाँगकाँग शाखेत ७ मे २०२५ रोजी विक्रीस ठेवली. दोनच दिवस आधी केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाने कायदेशीर नोटीस बजावली आणि सदबीजने लिलाव पुढे ढकलला. वाटाघाटी झाल्या, गोदरेज समूहाने रत्ने विकत घेतली, जुलैअखेर ती भारतात आली आणि त्यांतील मोठा भाग पाच वर्षांसाठी राष्ट्रीय संग्रहालयाच्या हवाली झाला. येथेही पैसे खासगीच आहेत, आणि पाच वर्षांनंतर काय, हा प्रश्न उरतोच. पण येथे एक नवी गोष्ट घडली. हातोडा पडण्यापूर्वी लिलावगृहाने मूळ देशाचे म्हणणे ऐकून घेतले. तो देश तेवढ्यापुरता का होईना, व्यवहारातील एक पक्ष ठरला.

त्याआधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, ऑक्सफर्डशायरमधील एका लिलावगृहाने नागा माणसाची शिंगे लावलेली कवटी विक्रीस ठेवली होती. नागालँडचे मुख्यमंत्री नेफ्यू रिओ यांनी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहिले, गदारोळ झाला आणि कवटी यादीतून काढली गेली. या दोन्ही प्रकरणांत न्यायालयाचा निकाल लागलेला नव्हता. लिलावगृहाने आपली अब्रू सांभाळली, एवढेच. या धंद्यात अब्रू हीच पुंजी असते, म्हणून तिचा धाक कायद्याच्या धाकापेक्षा लवकर लागू पडतो.

कारण कायदा येथे फारसा हाती लागत नाही. सांस्कृतिक वस्तूंच्या अवैध व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा. भारताने तो १९७७ साली स्वीकारला, ब्रिटनने २००२ साली. तो मागील काळाला लागू नाही. आपला पुरावशेष आणि कलानिधी कायदा १९७२ चा. तो निर्यात रोखतो, पण १७९९ साली गेलेल्या वस्तूला आणू शकत नाही. तेव्हा ‘आमचे सर्व व्यवहार कायद्यानुसार आहेत’ हे लिलावगृहांचे नेहमीचे वाक्य अक्षरशः खरे असते.

परंतु हीच लिलावगृहे दुसऱ्या एका बाबतीत कायद्याच्या पुढे गेली आहेत. नाझी राजवटीत ज्यूंकडून हिसकावलेल्या कलाकृतींबाबत १९९८ साली वॉशिंग्टन येथे ४४ देशांनी काही तत्त्वे मान्य केली. ती बंधनकारक नव्हती. तरी आज एखाद्या चित्राच्या मालकीच्या इतिहासात १९३३ ते १९४५ या काळात खंड दिसला की सदबीज आणि क्रिस्टीजचे खास विभाग चौकशी करतात, वारसांशी बोलतात आणि समेट होईपर्यंत चित्र विक्रीस काढीत नाहीत. तसे चित्र बेधडक विकले तर उद्या कोणी प्रतिष्ठित ग्राहक दारात उभा राहणार नाही, हे त्यांना उमगले आहे. ज्यूंच्या घरांतील चित्रे आणि श्रीरंगपट्टणच्या महालातील शस्त्रे यांची तुलना सर्वार्थाने होत नाही, हे मान्य. एक निरपराध नागरिकांचा संहार होता, दुसरे युद्ध. आणि युद्धात पराभूताची संपत्ती जेत्याकडे जाण्याची रीत तेव्हा सर्वत्र होती, टिपूच्याही राज्यात होती. पण येथे मुद्दा अपराधांच्या तुलनेचा नसून चौकशीच्या पद्धतीचा आहे. १९३८ सालच्या मालकीबद्दल प्रश्न विचारणारा विभाग एका मजल्यावर बसत असेल, तर १७९९ सालच्या मालकीबद्दल मूळ ठिकाणाला निदान वेळेत कळविण्यास वरच्या मजल्यावर अडचण काय?

हे कळविणेही फार खर्चाचे काम नव्हे. सूचीपत्र लिलावाच्या काही आठवडे आधी छापलेच जाते. लुटीचा पुरावा असलेल्या वस्तूची माहिती त्याच्याही काही महिने आधी मूळ देशाच्या पुरातत्त्व खात्याला द्यावी. किमान किमतीला ती सार्वजनिक संग्रहालयाने घ्यावी, म्हणून ठराविक मुदतीचा पहिला हक्क विक्रेत्याच्या संमतीने ठेवावा. आणि वस्तू खासगी हाती जाणारच असेल, तर तिची छायाचित्रे, मोजमापे आणि कागदपत्रांच्या प्रती दर्या दौलत बागेतील संग्रहालयाला द्याव्यात, म्हणजे तलवार कोण्या तिजोरीत गेली तरी तिच्यावरील लेख अभ्यासकांना वाचता येईल. विक्रेत्याचे यात फार नुकसान नाही. खरेदीदाराला तर उलट लाभच: पुढे वाद उद्भवणार नाही अशी वस्तू मिळणे, यापेक्षा चांगली ग्राहकसेवा कोणती?

ब्रिटिश सरकारला अशा मुदतीचे वावडे नाही, हे विशेष. नोव्हेंबर २०२१ मध्ये टिपूच्या सिंहासनाचे आणखी एक व्याघ्रमुख परदेशी जाण्याच्या बेतात होते. किंमत १५ लाख पौंड. ब्रिटनच्या कलामंत्र्यांनी त्याच्या निर्यातीवर तात्पुरती बंदी घातली, हेतू हा की एखाद्या ब्रिटिश संग्रहालयाने तेवढी रक्कम उभी करून ते देशात राखावे. वस्तू ब्रिटनच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, हे त्यामागचे कारण. ती तशी आहेही. पण सार्वजनिक हितासाठी खासगी विक्री काही महिने थोपविता येते आणि त्याने बाजार कोसळत नाही, हे यातून त्या सरकारनेच सिद्ध केले आहे.

आता आपल्या बाजूचे पाहू. २०२३ चा तो लिलाव झाला त्याच्या तीन दिवस आधी, २० मे रोजी, बंगळुरूत सिद्धरामय्या यांच्या नव्या सरकारचा शपथविधी झाला होता. त्याआधीच्या प्रचारात टिपूला नेमके कोणी मारले, इंग्रजांनी की दोन वोक्कलिग सरदारांनी, यावर महिनाभर रणकंदन झाले होते. त्या सरदारांच्या अस्तित्वाचा पुरावा काय, असे इतिहासकार विचारत राहिले. टिपू जयंती २०१५ साली सरकारी खर्चाने सुरू झाली आणि २०१९ साली सरकार बदलताच बंद झाली. अशा वातावरणात टिपूच्या तलवारीसाठी सार्वजनिक तिजोरी उघडण्याची हिंमत कोणता मंत्री करील? रघूजी भोसल्यांच्या तलवारीचे मुंबईत मिरवणुकीने स्वागत होऊ शकते, कारण त्या नावाबद्दल महाराष्ट्रात वाद नाही. वारसा कोणता परत आणायचा हे जर आजच्या मतपेटीवर ठरणार असेल, तर लंडनच्या अडत्याला आपण कोणत्या तोंडाने नीती शिकविणार?

शिवाय आणलेले जपण्याचा प्रश्न आहेच. भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात ९२ संरक्षित स्मारके जागेवर सापडत नसल्याचे नोंदविले होते. त्यांतील काही पुढे सापडली, काही नागरीकरणात गडप झाली. वस्तू परत मागणाऱ्या प्रत्येक पत्राला लंडनमधून हे उत्तर तयार असते. उत्तर दांभिक आहे, कारण सिंहासन फोडणाऱ्यांनी जतनाचे धडे द्यावेत हे विचित्रच; पण दांभिक उत्तरही निरुत्तर करू शकते. परदेशी लिलावांच्या याद्या नियमाने वाचणारे दोन-चार अभ्यासक, त्यांनी ठेवलेली नोंदवही, नोटीस देण्यासाठी तयार वकील आणि निवडणुकीशी संबंध नसलेला एक कायमचा निधी, इतकी व्यवस्था केंद्रात असती, तर पिप्रहवाची नोटीस लिलावाच्या दोन दिवस आधी पाठविण्याची पाळी आली नसती. महाराष्ट्रानेही रघूजींच्या तलवारीची धावपळ विसरण्याआधी हे मनावर घ्यावे. मराठी सरदारांच्या घराण्यांतून गेलेल्या वस्तू पुढेही विक्रीस येतील.

म्हैसूरच्या राजवाड्यात दरवर्षी दसऱ्याला वोडेयारांचे सुवर्णसिंहासन जोडून मांडले जाते आणि ते पाहायला रांगा लागतात. १७९९ साली पाच वर्षांच्या कृष्णराजाला इंग्रजांनी गादीवर बसविले, म्हणून ते आज जेथल्या तेथे आहे. पंधरा किलोमीटरवरचे दुसरे सिंहासन त्याच उन्हाळ्यात कुऱ्हाडीने तोडले गेले. त्याच्या आठ व्याघ्रमुखांपैकी किती, कोठे आणि कोणाकडे आहेत, याची संपूर्ण यादी श्रीरंगपट्टणच्या संग्रहालयाच्या भिंतीवर लावायला कोणाची परवानगी लागत नाही. इंग्लंडमध्ये एखाद्या माळ्यावरून पुढचे व्याघ्रमुख निघेल, तेव्हा लिलावगृहातून येणारा दूरध्वनी कोणत्या टेबलावर वाजावा, एवढे तरी त्या यादीखाली लिहिता येईल.